माडाच्या शेंड्यावरून कंपनी ठरते: डिचोलीतल्या एका दुकानाची एचडी डिश विक्री

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारातलं एक दुकान घेऊ. मोबाइल रिचार्ज, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या, पंखे आणि तीन-चार डीटीएच कंपन्यांची एजन्सी. मालक गल्ल्यावर, एक मुलगा फोन घेतो आणि एक तंत्रज्ञ स्कूटरवर वायरीची गुंडाळी टाकून मये, नार्वे, कारापूर, शिरगावपर्यंत जातो. दुकान नमुन्याचं आहे आणि गिऱ्हाइकांचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. अंश, मीटर आणि डेसिबलचे (सिग्नल मोजायच्या मापाचे) आकडे मात्र तसेच्या तसे वापरावेत.

या दुकानाने एका फेब्रुवारीत एचडीची मोहीम काढली. वर्तमानपत्रांतून अडीच हजार पत्रकं टाकली. पत्रकावर क्रिकेटपटूचं चित्र, खाली लाल अक्षरांत ‘एचडी सेट टॉप बॉक्स, एक महिना मोफत, आजच फोन करा’. फोन आले ३८. तंत्रज्ञ २२ घरी गेला, ११ जोडण्या झाल्या. जुलैच्या मध्यापर्यंत त्या अकरांतून सात तक्रारी आल्या आणि चौघांनी रिचार्ज बंद केला. अडीच हजार पत्रकांमागे टिकाऊ गिऱ्हाइकं सात. मालकाचं म्हणणं, लोक आता मोबाइलवरच बघतात, डिशचे दिवस गेले. ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्ध तंत्रज्ञाच्या वहीत लिहिलेलं होतं.

वहीत पहिल्यांदा बघायची ती न झालेली ११ घरं. चार ठिकाणी झाडं आड आली. तीन ठिकाणी टीव्ही जुना, एचडीएमआयचं भोकच नाही. दोघांना गोव्याच्या स्थानिक बातम्यांची चॅनेलं हवी होती आणि ती त्या कंपनीच्या यादीत नव्हती. पैशावरून नाही म्हणणारे फक्त दोन. म्हणजे ११ पैकी नऊ घरांत जाण्याचं पेट्रोल फोनवरच्या चार प्रश्नांत वाचलं असतं. मोफत महिन्याची लालूच यातल्या एकाही घराला लागू नव्हती.

तक्रारींचंही तसंच. तीन पावसाच्या. दोन घरांत एचडी खोकं पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरींनी जोडलेलं, म्हणजे गिऱ्हाईक पाच महिने एचडीचे पैसे भरून साधंच चित्र बघत होतं. एका ठिकाणी बाहेरच्या कनेक्टरमध्ये पाणी. एका ठिकाणी त्याच चॅनेलचे साधे आणि एचडी असे दोन्ही प्रकार दोन वेगळ्या पॅकमधून चालू होते आणि पैसे दुप्पट जात होते.

इथून मोहीम उलटी बांधली. आधी घराची पाहणी, मग जाहिरात. गोव्यात एचडी डिश चॅनेलांच्या संख्येवर विकली जात नाही. ‘पावसांत वता न्हय तें?’ (पावसात जातं ना ते?) या एका प्रश्नाच्या उत्तरावर ती विकली जाते किंवा परत जाते. ते उत्तर घर बघितल्याशिवाय देता येत नाही.

आधी आकाश. आपण डिचोलीत साधारण १५.६ अंश उत्तर आणि ७४ अंश पूर्वेवर आहोत. आपल्याकडे चालणाऱ्या सेवांचे उपग्रह सगळे आग्नेय बाजूला आहेत, पण उंची निरनिराळी. टाटा प्ले ८३ अंश पूर्वेवर, आपल्या क्षितिजापासून सुमारे ६९ अंश वर. डीटूएच ८८ वर, म्हणजे साधारण ६५ अंश. डीडी फ्री डिश ९३.५ वर, सुमारे ६१. डिश टीव्ही ९५ वर, जवळजवळ ६०. एअरटेल १०८.२ वर, ४७ अंशांच्या आसपास. एकच अंगण, एकच माड, पण एका कंपनीला तो आड येतो आणि दुसरीला येत नाही.

हिशोब सोपा आहे. झाडाचा शेंडा डिशच्या पातळीपेक्षा १२ मीटर वर असेल, तर ६९ अंशांसाठी झाड पावणेपाच मीटर दूर असलं की पुरतं. ६० अंशांसाठी सात मीटर लागतात. ४७ अंशांसाठी सव्वाअकरा. हे अंतर खोडापासून मोजायचं नाही. मोठ्या माडाची झावळ चार-पाच मीटर लांब असते आणि वाऱ्याला हलते, म्हणून मोजायचं ते झावळांच्या घेराच्या बाहेरच्या कडेपासून, आणि वर आणखी दहा अंशांची सवड ठेवायची. शिवाय कवाथा, म्हणजे कोवळा माड, असेल तर तो आज आड येत नाही, तीन वर्षांनी येतो. आड येणारा माड शेजाऱ्याचा किंवा भाटकाराचा (जमीनमालकाचा) असला तर पाडेलीला (माडावर चढणाऱ्याला) बोलावून झावळ काढण्याचा विषय गिऱ्हाइकाने आधी बोलून घ्यावा. तंत्रज्ञाने त्यात पडू नये.

मोजायला महागडं यंत्र नको. मोबाइलमधलं कोन दाखवणारं ॲप चालतं. तेही नको असेल तर शाळेचा कोनमापक, दोरा आणि खाली नटबोल्टचा ओळंबा. होकायंत्र धरताना पत्र्याच्या शेडपासून आणि पाण्याच्या लोखंडी पायपापासून दूर राहायचं, नाहीतर दिशा १५-२० अंशांनी सहज चुकते. नवा मुलगा एका गोष्टीत हमखास फसतो. डिशची ताटली समोर बघतेय असं वाटतं, पण ही ऑफसेट ताटली असते आणि तिची खरी नजर वीसेक अंश वर असते. त्यामुळे ताटलीसमोर फांदी दिसली की तो नाही म्हणतो, आणि खरी आड येणारी फांदी डोक्यावर असते ती बघतच नाही.

मार्चच्या मध्याला एक फुकटची चाचणी मिळते. त्या काही दिवसांत सूर्य रोज काही मिनिटं नेमका उपग्रहाच्या मागे येतो, कंपनीनुसार साधारण सकाळी दहा ते दुपारी बाराच्या दरम्यान. त्या मिनिटांत चित्र जातं आणि लोक तक्रार करतात. पण जिथे डिश लावायची त्या जागी त्याच वेळी लख्ख ऊन पडत असेल, तर रस्ता मोकळा आहे. सावली असेल तर झाड आड आहे. याहून चांगला सर्व्हे नाही.

कुळागरातल्या घराला बऱ्याचदा आकाशच नसतं. पोफळी दाट, वर आंबा-फणस. तिथे ‘लावून बघू’ म्हणायचं नाही.

आता पाऊस. डीटीएच केयू बँडवर चालतं, साधारण ११ ते १२ गिगाहर्ट्झ, आणि या लहरी पावसाच्या थेंबांत विरतात. पावसाचा थर तिरकस कापला की वाट लांबते. ४७ अंशांवरच्या लहरीला ६९ अंशांवरच्या लहरीपेक्षा सव्वापटीहून थोडा जास्त थर ओलांडावा लागतो. उपग्रह किती ताकदीने पाठवतो यावरही पुष्कळ अवलंबून आहे, तेव्हा नुसत्या कोनावरून कंपनी वाईट ठरवू नये. पण इतर गोष्टी सारख्या असतील तर उंच उपग्रह पावसात बरा.

खरा घोळ मात्र फेब्रुवारीत होतो. कोरड्या हवेत सिग्नलला भरपूर सवड असते. डिश दोन डेसिबलने चुकलेली असली तरी चित्र अगदी स्वच्छ येतं, कारण डिजिटल चित्र हळूहळू बिघडत नाही. असतं तोवर पूर्ण असतं, आणि एका क्षणी चौकोन पडून जातं. एचडी ज्या पद्धतीने पाठवतात तिला साध्या जुन्या प्रक्षेपणापेक्षा सिग्नलची स्वच्छता जास्त लागते, म्हणून कडा आणखी जवळ असतो. फेब्रुवारीत खाल्लेले ते दोन डेसिबल जूनच्या पहिल्या आठवड्यात वसूल होतात, तेही रात्री नऊच्या मालिकेत.

म्हणून ‘चित्र आलं, चला’ म्हणून उतरायचं नाही. खोक्याच्या पडद्यावर किंवा मीटरवर ‘क्वालिटी’ बघायची, ‘स्ट्रेंग्थ’ नव्हे. डिश डावी-उजवी, मग वर-खाली, आणि शेवटी एलएनबी (ताटलीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) स्वतःभोवती थोडा फिरवून सर्वांत वरचा आकडा शोधायचा, तिथे नट आवळायचे, आणि आवळून झाल्यावर आकडा पुन्हा बघायचा. नट आवळतानाच डिश सरकते. एलएनबीचा तिरकेपणा उपग्रहागणिक बदलतो. एका कंपनीची सवय असलेला मुलगा दुसरीची डिश लावताना तो तसाच ठेवतो आणि क्वालिटी ६० वर अडते. त्या साठातही फेब्रुवारीत चित्र येतं, हीच तर अडचण. ज्याच्या घरी पावसात जास्तच त्रास आहे त्याला ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची डिश सुचवता येते. साडेतीन डेसिबलची भर पडते. पण ती वाऱ्यालाही जास्त धरते, तेव्हा खांब आणि बोल्ट त्या मानाने हवेत.

बोल्टवरून आठवलं, आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीत अँकर बोल्ट टिकत नाही. चिरा भुसभुशीत, भोक मोठं होतं, पहिल्या वादळी पावसात पाया डुलायला लागतो. लिंटेलच्या काँक्रीटमध्ये, स्लॅबवर किंवा जिन्याच्या खोलीवर बोल्ट मारावा. नाहीतर जमिनीत जीआय पाइप काँक्रीटने पक्का करावा. मंगळुरी कौलांवर किंवा वाशाला डिश बांधू नये. वायर आरजी-६. ती जितकी लांब तितका सिग्नल कमी. वरच्या फ्रिक्वेन्सीला ३० मीटर वायरीत नऊ-दहा डेसिबल जातात, म्हणून अंगण ओलांडून वायर नेण्याआधी जवळची जागा शोधावी. एलएनबीपाशी वायरीला खाली लोंबता वळसा द्यायचा, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता वळशावरून ठिबकतं. कनेक्टर दाबून बसवलेला हवा, वर रबरी सेल्फ-बाँडिंग टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप उन्हात सुटते आणि उलट पाणी आत धरून ठेवते.

घराबाहेरचं इतकं. आत शिरल्यावर बघायचं ते टीव्ही आणि बसायची जागा.

साध्या चित्रात ५७६ ओळी असतात, एचडीत १,०८०. पण डोळ्याला फरक दिसायला जवळ बसावं लागतं. निरोगी डोळ्याला साध्या चित्राच्या ओळी पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरापर्यंत वेगळ्या जाणवतात. त्यापुढे दोन्ही चित्रं सारखीच. ३२ इंची टीव्हीची उंची ४० सेंटिमीटर, म्हणजे अडीच मीटरच्या आत बसणाऱ्यालाच फायदा. ४३ इंचीला सव्वातीन मीटर, ५५ इंचीला चार मीटर. प्रत्यक्षात साधी चॅनेलं फार दाबून पाठवतात, त्यामुळे फरक थोडा पुढूनही कळतो, पण अंदाज हाच. जुन्या घरातल्या लांबलचक सोप्यावर, दाराजवळच्या आरामखुर्चीतून समोरच्या भिंतीवरचा ३२ इंची टीव्ही बघणाऱ्या आजोबांना एचडी विकलं, तर तीन महिन्यांत ते म्हणणार की काहीच फरक नाही. आणि ते बरोबरच म्हणणार. त्यांना साधा पॅक द्यावा, किंवा खुर्ची पुढे घ्यावी.

या सगळ्यातून फोनवर विचारायचे चार प्रश्न निघाले. मुलाच्या टेबलावर कागद चिकटवला.

‘टीव्ही किती इंची, आणि मागे एचडीएमआयचं भोक आहे का? बसता तिथून टीव्ही किती पावलांवर? सकाळचं ऊन घराच्या कुठल्या बाजूने येतं आणि त्या बाजूला झाडं किती उंच? कुठली चॅनेलं नसली तर घरात भांडण होईल?’

शेवटचा प्रश्न हसण्यावारी घ्यायचा नाही. गोव्याच्या स्थानिक वाहिन्या मुख्यतः केबलच्या जोरावर घराघरांत गेल्या. गावची जत्रा, कोंकणी बातम्या, पंचायतीतली गडबड त्यांच्यावरच दिसते. कंपनीची त्या दिवसाची यादी उघडून बघितल्याशिवाय ‘सगळं दिसतं’ म्हणायचं नाही. नसेल तर स्पष्ट सांगायचं. यातल्या अनेक वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात आणि घरात स्मार्ट टीव्ही व नेट असेल तर अडचण मिटते. मराठी मालिकांच्या घरांना झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी ही तिन्ही एचडीत मिळतात हे माहीत असतं. खेळवाल्या घरात मात्र प्रक्षेपणाचे हक्क कोणाकडे आहेत ते बघूनच पत्रक छापावं. २०२६चा फुटबॉल विश्वचषक ११ जून ते १९ जुलै, म्हणजे ऐन पावसात, आणि अमेरिकेच्या वेळेमुळे सामने आपल्याकडे रात्री-पहाटे. फुटबॉलवेड्या गोव्यात अशा स्पर्धेच्या नावाने डिश विकणाऱ्याने ती मे महिन्यातच नीट लावून दिलेली बरी.

दुसऱ्या फेरीचं पत्रक मग असं झालं. चित्र क्रिकेटपटूचं नाही, माडाचं. डिशपासून शेंड्याकडे जाणारी तिरकी रेघ आणि वर मजकूर: ‘तुमच्या अंगणात कुठली डिश चालेल? आम्ही येऊन मोजून सांगतो. मोजणीचे पैसे नाहीत. चालत नसेल तर तसंही सांगू.’ पत्रकं फक्त ६००, तीही आधी झालेल्या जोडण्यांच्या शेजारच्या घरांत हातोहात.

दुकानात डेमोची मांडणी बदलली. पूर्वी मोठ्या टीव्हीवर कंपनीचा चकचकीत जाहिरात व्हिडिओ लावत. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आता एकाच टीव्हीवर एकच चॅनेल, आधी साध्या क्रमांकावर, मग एचडीच्या. दाखवायचं ते नटीचा चेहरा नव्हे. बातम्यांच्या खालच्या पट्टीतली बारीक अक्षरं, मैदानाचं गवत आणि धावफलकाचा कोपरा दाखवायचा. गिऱ्हाइकाला त्याच्या घरातल्या पावलांइतकं मागे उभं करायचं. फरक दिसला नाही तर तिथेच कळतं. डेमोपूर्वी खोक्याची सेटिंग १०८०आयवर आणि चित्राचा आकार १६:९ वर आहे ना ते बघायचं. खोकं ५७६ वर राहिलेलं असतं आणि विक्रेता एचडीचं कौतुक करत असतो, हे दृश्य दुर्मीळ नाही. व्हॉट्सॲप स्टेटसवर एचडीचा व्हिडिओ टाकण्यात अर्थ नाही, तो दाबला जाऊन साधाच दिसतो. डिशवर लावलेल्या कोनमापकाचा फोटो टाकला तर माणसं विचारतात.

गावातल्या बारमध्ये अंतिम सामना फुकट दाखवून जाहिरात करण्याची कल्पना कोणीतरी काढतोच. घरगुती जोडणी सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, बारला व्यावसायिक पॅक घ्यावा लागतो. दुकानदाराने स्वतःचं घरगुती खोकं तिथे नेऊन ठेवू नये.

पैशाचा भाग थोडक्यात, पण कागदावर. खोकं व बसवणूक एका ओळीत. महिन्याचा खर्च तीन ओळींत: नेटवर्क शुल्क, चॅनेलांचे पैसे, वर १८ टक्के जीएसटी. पूर्वी नेटवर्क शुल्काला १३० रुपयांची मर्यादा होती. २०२४ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ती काढली, त्यामुळे जुन्या पत्रकावरचा आकडा गिऱ्हाइकाला वाचून दाखवू नये. एचडी चॅनेल घेतलं की त्याचं साधं रूप पॅकमधून काढायचं. एकाच पॅकमध्ये दोन्ही देता येत नाहीत, पण दोन पॅक घेतले की दुबार येतात, आणि तक्रार तिथूनच आली होती. कंपनी बदलली तर खोकंही बदलावं लागतं, हेही त्याच कागदावर लिहिलेलं असावं.

मोफत महिन्याची वेळ हलवली. फेब्रुवारीत दिलेला मोफत महिना मार्चमध्ये संपतो आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आता पैसे सुरू. त्याऐवजी सहा महिन्यांचा रिचार्ज करणाऱ्याला एचडीचा जादा महिना चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आसपास. घर भरलेलं असतं, मुंबई-पुण्याहून माणसं आलेली असतात, पाऊस ओसरत असतो. त्या महिन्यात टीव्ही बघणारे डोळे दुप्पट असतात, शेजारी पाहुणा म्हणून येऊन बसतात.

आणि पावसाबद्दलचं वाक्य तंत्रज्ञाला घोकून घ्यायला लावलं: ‘काका, मुसळधार सर आली की दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणार. कुठल्याही कंपनीचं जाणार. रिमझिमीत गेलं तर मात्र चूक आमची, फोन करा.’ या वाक्याने काही विक्री हातची जाते. जुलैतले फोनही कमी होतात.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की प्रत्येक नव्या घरी पंधरा मिनिटांची फेरी. क्वालिटीचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडायचा, दहापेक्षा जास्त उतरला असेल तर कनेक्टर उघडून बघायचा. हिरवट तांबं दिसलं म्हणजे पाणी शिरलंय, टोक कापून नवा कनेक्टर. नवीन झावळ आड येतेय का तेही वहीत लिहायचं. शेजाऱ्यांचे फोन नंबर या फेरीत मिळतात, कारण पाऊस पडत असताना चित्र चालू असलेलं ते घर सगळ्या वाड्याने बघितलेलं असतं.

दुसऱ्या वर्षी धरलेल्या हिशोबाने ४६ घरांची पाहणी, त्यांत नऊ घरांना आपणहून नकार, २४ जोडण्या, आणि जुलैअखेर बंद पडलेल्या दोन. पाहणीचा वेळ मात्र वाढला, घरामागे चाळीसेक मिनिटं, आणि एकच तंत्रज्ञ असलेल्या दुकानाला एप्रिल-मेमध्ये तो जाचतो. मालकाने बसवणूक आणि पाहणी वेगळी केली. पाहणीला फोनवाला मुलगाच सकाळी जातो, कोनमापक आणि वही घेऊन.

नकार दिलेल्या नऊ घरांपैकी पाच कुळागरातली. त्यांना केबल किंवा फायबर घ्यायला सांगितलं. उरलेल्या चार घरांची नावं वहीच्या शेवटच्या पानावर आहेत, पुढे आड येणाऱ्या झाडाची नोंद: दोन म्हातारे माड, एक आंबा, एक शेजाऱ्याचा फणस. म्हाताऱ्या माडांसमोर मुलाने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.